वाट दाखविणारें यंत्र आणि भंडारदऱ्याची वाट

आमच्या घरीं फटफटी आली आणि तिच्या मागोमाग एक वादही आला: वाट दाखविणारें यंत्र कोणतें घ्यावें? माझा पुतण्या पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रींत भटकणारा. आणि त्याची आई, म्हणजे माझी धाकटी भावजय, तो परत येईपर्यंत पानावर स्वस्थ बसत नाहीं. त्यांतून २०२१ च्या जानेवारींत अकोलें तालुक्यांत जें घडलें त्यानें तर तिची झोंपच उडविली. कळसूबाईकडे निघालेले तिघे जण रात्रीं यंत्रानें दाखविलेल्या जवळच्या वाटेनें मोटार हांकीत होते. कोतुळ-राजूर वाटेवरील पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेला होता. तेथील माणसांना तें ठाऊक होतें; यंत्राला नव्हतें. मोटार सरळ पाण्यांत गेली. दोघे पोहून बाहेर आले, एक बुडाला. "जाणारच असेल तर निदान यंत्र तरी चांगलें घेऊन द्या," असें भावजयीनें सांगितलें, आणि घरांतला रिकामा मनुष्य म्हणून निवडीचें काम मजकडे आलें.

अशा यंत्राला काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे; कारण विकणारा तें सांगत नाहीं. अमेरिकेचे जी. पी. एस. उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. आपण कोठें आहों आणि आपल्या घड्याळांत किती वाजले, एवढेंच प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो. तो निरोप पोंचण्यास लागलेल्या वेळावरून आपलें यंत्र अंतर मोजतें. स्थान ठरविण्यास तीन उपग्रह पुरले असते. परंतु हातांतल्या यंत्राचें घड्याळ स्वस्तांतलें, म्हणून त्याची चूक काढण्यास चौथा लागतो. घड्याळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागानें चुकलें तरी अंतर तीनशें मीटरांनीं चुकतें! रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि चीनचा बैदू हे संघ याच जातीचे. आपल्या 'नाविक'चा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं गेला. पुढें त्या संघांतील कांहीं उपग्रहांचीं आण्विक घड्याळें बंद पडलीं. २९ मे २०२३ रोजीं सोडलेल्या उपग्रहांत मात्र आपल्याच देशांत केलेलें घड्याळ होतें. अधिक संघांचे निरोप ऐकणारें यंत्र घ्यावें, हें उघड आहे. घाटांत एका अंगाला कडा असला म्हणजे अर्धें आकाश झांकलें जातें, निरोप कड्यावर आपटून उशिरा येतात, आणि स्थान रस्ता सोडून दरींत दिसूं लागतें.

पण उपग्रह फक्त 'तूं कोठें आहेस' एवढेंच सांगतो. वाट कोठें जाते हें तो सांगत नाहीं. वाट नकाशांत असते, आणि नकाशा माणसांनीं केलेला असतो. आपले जुने ज्योतिषी उज्जयिनीवरून जाणारी मध्यरेखा धरून देशांतर काढीत. त्यांनाही गांवाचें स्थान सांपडे, गांवाची पायवाट सांपडत नसे. वाट कशी सांगावी हें मेघदूतांतल्या यक्षाला विचारावें. मेघानें कोठें विसावावें, कोणत्या नदीचें पाणी घ्यावें, हें सगळें तो सांगतो. आणि उज्जयिनीची वाट वांकडी पडत असूनही तिकडूनच जा म्हणून आग्रह धरतो. जवळची तीच चांगली वाट, असें त्याला वाटलें नाहीं. आमच्या यंत्रांना मात्र ती खोड जन्मापासूनची. म्हणून निवडतांना मीं पहिला प्रश्न हाच ठेवला, कीं आपण ठरविलेली वाट हें यंत्र निमूटपणें मानतें, कीं दर फांट्यावर "इकडून जवळ आहे" म्हणून हट्ट धरतें?

गार्मिनचें झूमो आणि टॉमटॉमचें रायडर हीं यंत्रें खास फटफटीसाठींच केलेलीं. हातमोजा न काढतां बोट चालतें, भर उन्हांत अक्षरें दिसतात, पावसाची व धक्क्यांची त्यांना फिकीर नसते, आणि घरीं बसून आंखलेली वाट त्यांत भरून ठेवतां येते. दोष किंमतीचा. तेवढ्या पैशांत एक बरा मोबाईल येऊन वर प्रवासखर्च निघतो. शिवाय आपल्याकडील वाड्यावस्त्यांचा नकाशा त्यांत कितपत भरला आहे, हें घेण्यापूर्वीं डोळ्यांनीं पाहून घ्यावें लागतें.

मोबाईल प्रत्येकाच्या खिशांत आहेच. मग वेगळें यंत्र कशाला, असें घरांतील तरुण मंडळींचें म्हणणें. त्याला उत्तरें पुष्कळ आहेत. पावसाचा थेंब कांचेवर पडला कीं मोबाईल त्यालाच बोट समजतो. दुपारच्या उन्हांत तो तापून मंद होतो. फटफटीच्या थरथराटानें त्याच्या कॅमेऱ्याची नाजूक यंत्रणा बिघडूं शकते, अशी सूचना खुद्द ॲपलनेंच २०२१ च्या सप्टेंबरांत दिली होती. आणि वाट दाखवितां दाखवितां त्याचा जीव संपला, तर संकटकाळीं घरीं कळवावें कशानें? एक गैरसमज मात्र येथें काढून टाकावा. रेंज गेली म्हणजे उपग्रहही गेले, असें नाहीं. नकाशा आधींच उतरवून घेतलेला असेल तर रानांतही स्थान कळत राहतें.

अखेर आम्हीं मधला मार्ग काढला. घरांत पडून असलेला जुना मोबाईल, ज्याच्या कॅमेऱ्याचें बरेंवाईट होवो, तो वाटेसाठीं राखून ठेवला. रबराची गादी असलेली पक्की बैठक, पाणी न शिरणारी पिशवी आणि गाडीच्या बॅटरीवरून वीज देणारी तार, एवढेंच नवें घेतलें. रोजचा फोन खिशांत, भरलेला. वळणें शिरस्त्राणांतील कर्ण्यांतून ऐकूं येतात. चालतांना कांचेकडे पाहावयाचें नाहीं, हा आमचा करार. केवळ वाट पाहण्यासाठीं असा फोन वापरण्यास २०२० च्या ऑक्टोबरपासून नियमांनीं मुभा दिली आहे, पण चालविणाऱ्याचें चित्त ढळूं नये, ही अट घालूनच.

या साहित्याची परीक्षा २०२४ च्या जूनमध्यें, मृगाच्या आरंभीं झाली. परीक्षक म्हणून मी मागल्या बैठकीवर! यंत्रानें प्रथम बोट्याहून डावीकडे वळून कोतुळावरूनच वाट दाखविली होती. पुतण्यानें आदल्या रात्रीं संगमनेर आणि अकोलें हीं दोन गांवें मध्यें घालून ती मोडून काढली. नारायणगांव, आळेफांटा मागें टाकून बोट्याला चहासाठीं उतरलों, तेव्हां मीं दुकानदाराला मुद्दाम विचारलें. तो म्हणाला, "वाट हाय कोतुळावरनं मास्तर, पण पुलाचं पानी पुढल्या गावात इचारून घ्या. आमी बी इचारूनच जातो." मी शिक्षक असल्याचें त्याला कसें कळलें कोण जाणे.

चंदनापुरीच्या घाटांत सरीनें गांठलें. पिशवीवरील थेंबांनीं नकाशा इतका सरकविला कीं कांचेवर क्षणांत नाशिक आलें, क्षणांत समुद्र! गाडी थांबवून पुतण्यानें कांचेचा स्पर्श बंद केला; कानांतला आवाज मात्र बिनचूक चालू होता. अकोलें सोडल्यावर प्रवरेचें खोरें लागतें, राजुरापुढें डोंगर जवळ येऊं लागतात, आणि १,६४६ मीटरांचें कळसूबाईचें शिखर ढगांत शिरलेलें दिसतें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या दगडी भिंतीवरून आंत पाहिलें तेव्हां, जून असल्यामुळें, पाणी बरेंच खोल गेलेलें होतें.

तळ्याच्या कांठानें रतनवाडीकडे जातांना रेंज गेली, निळा ठिपका मात्र आमच्याबरोबर चालत राहिला. एके ठिकाणीं आम्ही उतरून पाण्याच्या दिशेनें खालीं गेलों. पायाखालीं भेगाळलेला गाळ, त्यावर चरणारीं गुरें. आणि नकाशावर आम्ही तळ्याच्या निळ्या रंगांत चांगलेच आंत उभे! नकाशा करणाऱ्यानें तळें भरलेलें काढलें होतें. कोतुळाला त्यानें पाण्यावर वाट दाखविली, येथें कोरड्या जमिनीवर पाणी.

रतनवाडीचें अमृतेश्वराचें देऊळ पाहण्यास निवांत वेळ ठेवावा. शिलाहारकालीन काम, खांबांवर नाजूक कोरीव मूर्ति, आणि पाठीमागें रतनगड, ज्याच्या अंगावर प्रवरा उगम पावते. पाऊस झिमझिमत होता. एका घरीं पिठलें-भात मिळाला. जेवण झाल्यावर पुतण्यानें घरधन्याला यंत्रावर त्याचें घर दाखविलें. म्हातारबोवांनीं तें डोळ्यांशीं धरून पाहिलें. "घर बराबर हाय," ते म्हणाले, "पर मागल्या वाडीचं नाव चुकलंया." आमचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा होता, जो २००४ साली इंग्लंडांत सुरू झाला आणि कोणासही सुधारतां येतो. पुतण्यानें खिशांतून कागद काढला, नांव दोनदां विचारून लिहून घेतलें, आणि मला म्हणाला, "काका, ऱ्हस्व कीं दीर्घ तेवढें तुम्ही सांगा."