जवळ्याला तुकडी नसते

हर्णैच्या आमच्या घरात मासळीला तोटा नव्हता. तोटा असायचा तो मुलींच्या ताटात. बंदरावरच्या लिलावात सुरमई-पापलेट व्यापारी उचलत. घरी यायची मांदेली, बोंबील, कधी बांगडा. त्यातलीही तुकडी आधी बाबांना, मग भावाला. आम्हा बहिणींना कालवणाचा रस आणि भात. आजी तर आयुष्यभर रसावरच जेवली.

अपवाद एकच, सुका जवळा. जून-जुलैत मासेमारी बंद असली की डब्यातला जवळा निघायचा. कांद्यावर परतलेल्या जवळ्याला ना डोकं ना शेपूट. मानाची तुकडी काढणार कुठून? त्या दिवशी सगळ्यांच्या भाकरीवर सारखंच पडायचं.

लग्नानंतर मी सुरतेला, कतारगामात आले. हिरे घासणाऱ्या घंट्यांचा हा भाग. शेजार बहुतेक सौराष्ट्रातल्या शाकाहारी पटेलांचा. जवळा भाजायचा तो खिडक्या लावून. पण उंधियूसाठी सुरतभर नावाजलेली कतारगामची पापडी दारात मिळायची. तिच्यात मी मूठभर जवळा टाकला आणि माहेर-सासर एका कढईत आलं.

लेक चौदा वर्षांची झाली तेव्हा तपासणीत तिचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली निघालं, म्हणजे रक्तक्षय. ती एकटी नव्हती. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातमधल्या 15 ते 19 वयाच्या सुमारे 69 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. किनारा एवढा लांबलचक, तरी ही गत. त्याच सुमारास एक तक्ता वाचला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार 13 ते 15 वयाच्या मुलाला रोज 22 मिलिग्रॅम लोह लागतं, मुलीला 30. पाळी सुरू झालेली, उंची वाढत असलेली. माहेरच्या आमच्या घरातली वाटणी नेमकी उलटी होती.

मासळीतलं लोह अंगी लवकर लागतं. अख्ख्या खाल्लेल्या बारीक मासळीतून कॅल्शियमही मिळतं. सुक्या मासळीत मीठ फार, म्हणून ती धुऊन घ्यायची. शेजारच्या मुलीला जवळा चालणार नाही. तिच्या चण्यांवर आणि मेथीवर लिंबू पिळावं, जेवणाला लागून चहा देऊ नये. आठवड्याची लोहाची निळी गोळी मात्र दोघींनीही चुकवू नये.

घरात मासळी येते की डाळ, हे नंतर बघा. वाढताना पहिली तुकडी, पहिला डाव मुलीच्या ताटात पडू द्या.