सातासमुद्रापलीकडचा ‘ळ’

बालमित्रांनो, तुम्हाला ‘ळ’ म्हणता येतो ना? हसू नका! माझ्या भाच्याची नऊ वर्षांची मुलगी अमेरिकेत वाढते आहे. परवा फोनवर म्हणाली, ‘‘आजी, मला मोत्यांची माल पाठव ना!’’ तिला हवी होती माळ. इंग्रजीत ‘ळ’च नाही, मग दिवसभर शाळेत इंग्रजी बोलणारी जीभ वळायची कशी?

तिच्यासारख्या मुलांना घरबसल्या मराठी शिकायला साधनं मात्र भरपूर आहेत, बरं का! बालभारतीची पुस्तकं संगणकावर फुकट उतरवून घेता येतात. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथे एकच चित्रगोष्ट मराठीतही सापडते आणि इंग्रजीतही. अडलं की शेजारी पाहायचं. २०२० साली गूगलचं ‘रीड अलाँग’ मराठीत आलं. मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं आणि चुकलेला शब्द दाखवतं. आइसलंडचंच पाहा. सगळा देश मिळून चार लाखसुद्धा माणसं नाहीत, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण पाव! तरी तिथल्या विद्यापीठाने आपली भाषा शिकवणारे पाठ इंटरनेटवर साऱ्या जगाला मोफत दिले आहेत.

पण छापलेलं अक्षर सगळं सांगत नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे ‘च’ एकच, पण उच्चार वेगळा! कुठे कोणता, याची खूण लिपीत नाही. तुम्ही तो कानाने शिकलात, आईच्या कडेवर बसून. तिकडे कान भरायला माणसं दोनच, आई आणि बाबा, आणि तीही संध्याकाळी दमून आलेली.

म्हणून मी एक उद्योग आरंभला. आमचं गाव आंजर्ले. इथे आगरात पाऊल टाकलं की पावलोपावली ‘ळ’! नारळ, शहाळं, झावळी, केळ, पोफळ, अळू. मग मी मोबाईल घेऊन आगरात हिंडते, एकेका वस्तूपुढे उभी राहते, तिचं नाव घेते आणि दोन वाक्यं बोलते. मागे समुद्राची गाज आणि कावळ्यांची कावकाव आपोआप येते. कासवाची पिल्लं वाळूतून समुद्राकडे निघाली तेव्हा तर मी चांगली पाच मिनिटं बोलले. ‘वाळू’ हा शब्द किती वेळा आला, ते मोजायचं काम तिला दिलं. (पालकहो, याला खर्च काही नाही. आजी-आजोबांना एकदा बटण दाखवा, पुरे!)

गेल्या आठवड्यात तिचा निरोप आला, तिच्याच आवाजात. ‘शहाळं’ तीनदा म्हटलं होतं. पहिल्यांदा ‘शहालं’, मग ‘शहारं’ आणि तिसऱ्यांदा जीभ बरोबर वळली! पाठोपाठ प्रश्न: ‘‘आजी, झाडाला नारळ लागतात, मग तू त्याला माड का म्हणतेस?’’

आता सांगा, काय उत्तर पाठवू?