कनकेश्वरच्या पायऱ्या

भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने खाडी ओलांडून आणि पुढे एस.टी.ने कनकेश्वर फाट्यावर उतरून मी मापगावात पोहोचलो, तेव्हा माघातले ऊन अद्याप कोवळे होते, आणि ज्याच्या माथ्यावर कनकेश्वराचे देवस्थान वसले आहे तो हजार फुटांहून उंच डोंगर गावामागे गर्द, अबोल उभा होता.

हल्ली डोंगरवाटांवरील दगडांना रंगाचे बाण फासण्याची चाल पडली आहे. तिची उपयुक्तता मी नाकारीत नाही. परंतु बाण दिशा सांगतो आणि गप्प बसतो. कनकेश्वराची वाट याहून वडीलधारी. सरखेल राघोजी आंग्र्यांच्या अमदानीत, १७६४ साली, त्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी सातशेंच्या घरातील या दगडी पायऱ्या बांधविल्या, आणि लोकांनी त्या मोजण्याऐवजी त्यांच्या मुक्कामांना नावे दिली: नागोबाचा टप्पा, देवाची पायरी, गायमांडी, पालेश्वर. त्यामुळे येथे अंतर विचारणाऱ्याला फर्लांगांत उत्तर मिळत नाही. पूजेची रिकामी परडी घेऊन उतरणाऱ्या एका आजींना मी "अजून किती?" म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, "गायमांडीपाशी टेका दादा, मग पुढचं बघा."

मी टेकलो. बसलेल्या गाईचा आकार ज्या पाषाणात भाविकांना दिसतो, त्याच्याभोवती जांभूळ आणि ऐन यांची छाया इतकी दाट होती, की खालचा दमट हवेचा प्रदेश एखाद्या निराळ्या तालुक्यात असावा असे वाटले. पायऱ्यांची उंची मात्र एकसारखी नाही. गुडघ्यांची परीक्षा घेण्याचा पाथरवटांचा अधिकार येथे पूर्णत्वाने बजावलेला दिसतो. वरच्या फांद्यांवरील वानरे आमच्या धापांकडे निःसंकोचपणे पाहत होती.

माथ्यावर ब्रह्मकुंडाची प्रशस्त पुष्करिणी आहे आणि तिच्या सान्निध्यात शिवालय. कनक नावाच्या असुराने शंकराशीच युद्ध मांडले आणि प्रसन्न झालेल्या देवाला येथे कायमचे राहण्याचा वर मागितला, अशी स्थलकथा आहे. प्रतिपक्षाच्या पराक्रमावर संतुष्ट होणारा असा उमदा देव आपल्या पुराणांतच भेटावा.

दर्शन आटोपून मी पश्चिमेच्या कडेवर गेलो. मराठी आरमाराचा जो इतिहास मी पुस्तकांतून तुकड्यातुकड्यांनी वाचला होता, तो तेथे एका दृष्टिक्षेपात जुळून आला. नारळी-पोफळींच्या पट्ट्यापलीकडे थळसमोर किनाऱ्याजवळची उंदेरी आणि तिच्यामागे खांदेरी. दक्षिणेस अलिबागचा कुलाबा किल्ला. उत्तरेस धुरकट मुंबई. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या लोकांनी खांदेरीवर तटबंदी सुरू करताच मुंबईकर इंग्रजांनी गलबते का धाडली, आणि त्यांच्या मागोमाग जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी का बळकावली, याचा खुलासा कोणत्याही बखरीपेक्षा ही कड अधिक स्वच्छपणे करते: मुंबईत शिरणाऱ्या जहाजांचा रस्ता खांदेरीच्या नजरेखालून जातो. हे बेट ज्याच्या हाती, त्याला बंदराची जणू जकातनाक्यावरूनच वर्दी मिळे. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच पाण्यावर आपला दस्तक, म्हणजे जहाजांचा परवाना, चालविला, आणि १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान खालसा झाले, तेव्हा किनाऱ्यावरचा हा शेवटचा मराठी वचकही कंपनीच्या दप्तरी जमा झाला.

दुपारची लाँच गाठायची असल्याने मी तेथून निघालो. उतरताना गुडघ्यांनी चढतानाच्यापेक्षा अधिक तक्रार केली, म्हणून गायमांडीपाशी पुन्हा टेकलो, आणि वर चढणाऱ्या एका कुटुंबाने "अजून किती?" विचारताच त्यांना पालेश्वराचे नाव सांगितले.