पसंती

विरोधकांशी भांडणे सोपे असते. कठीण असते ते आपल्याच माणसांत डावे-उजवे करणे. चार चांगली स्थळे एकदम सांगून आली, की घरात जो गोंधळ उडतो, तो एकही स्थळ नसताना उडत नाही. अमेरिकेतल्या मतदारावर दर चार वर्षांनी असा प्रसंग येतो. त्याला म्हणतात प्रायमरी.

आपल्याकडे निवडणुकीचे तिकीट पक्षश्रेष्ठी वाटतात. इच्छुक मंडळी दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादी लागते आणि दुसऱ्या दिवशी बंडखोर उभे राहतात. अमेरिकेत अध्यक्षपदाचे तिकीट कुणाला द्यायचे, हे मुख्यतः मतदार ठरवतात. पूर्वी तिथेही श्रेष्ठींचेच चाले. १९६८ साली ह्यूबर्ट हंफ्रे यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर तरुणांवर लाठ्या चालल्या, आणि मग पक्षाने नियम बदलले.

आम्ही राहतो मॅसॅच्युसेट्स राज्यात. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाकडून दोन डझनांहून अधिक उमेदवार इच्छुक होते. आमचे मतदान ३ मार्चला. त्या दिवशी एकूण चौदा राज्ये मत देणार होती. तोवर बरीच मंडळी गळाली होती, तरी आमच्या घरी माणसे तीन आणि पसंत्याही तीन! चिरंजीव बर्नी सँडर्स यांच्या बाजूचे. आमच्या सौभाग्यवतींना मिनेसोटाच्या सिनेटर एमी क्लोबुचर आवडलेल्या. माझा ओढा एलिझाबेथ वॉरन यांच्याकडे. या बाई आमच्याच राज्याच्या सिनेटर, पूर्वी हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवीत. कर्जात बुडालेल्या संसारांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला होता. महिनाअखेरीचा मेळ घालणाऱ्या माझ्यासारख्याला त्या जवळच्या वाटल्या, यात नवल ते काय?

पण मन मोकळे करायला गेलो, की जो तो एकच विचारी, “चांगल्या आहेत हो, पण निवडून येतील का?” ट्रंप यांना हरवील तोच आपला, असा सर्वांचा हिशेब. गंमत अशी, की प्रत्येकजण शेजाऱ्याच्या मनाचा अंदाज घेत होता आणि शेजारी त्याच्या! शेजाऱ्यांना कारले आवडत नसेल म्हणून आपल्या घरी कारले करायचे नाही, अशातली ही गत.

सौभाग्यवतींनी हा घोळ घातलाच नाही. आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आगाऊ मतदानाची सोय होती. त्या टाऊन हॉलमध्ये गेल्या आणि क्लोबुचरबाईंना मत देऊन आल्या. २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनात जो बायडन मोठ्या फरकाने जिंकले. १ मार्चला पीट बुटिजेज यांनी माघार घेतली, २ मार्चला क्लोबुचर यांनी. आणि त्याच संध्याकाळी दोघांनी बायडन यांना पाठिंबा दिला.

“आई, तुझं मत फुकट गेलं!” चिरंजीव म्हणाले.

“फुकट कसं? मला विचारलं, कोण पसंत? मी सांगितलं. लग्न मोडलं म्हणून पसंती खोटी ठरत नाही,” तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. निवडून येण्याचा विचार करू नये, असे मी म्हणणार नाही. हरणारा उमेदवार उभा केला, तर त्याची किंमत चार वर्षे मोजावी लागते. पण तडजोड करायला नोव्हेंबर होताच. आपल्याला कोण हवे, हे सांगण्याची चार वर्षांतली संधी ही एकच. शिवाय पंधरा टक्के मते मिळाली, की उमेदवाराच्या वाट्याला अधिवेशनाचे काही प्रतिनिधी येतात; म्हणजे हरणाऱ्याचे मतही अगदी पाण्यात जात नाही. सकाळी जाऊन मी वॉरन यांच्या नावावर खूण केली.

त्या स्वतःच्याच राज्यात तिसऱ्या आल्या आणि ५ मार्चला त्यांनीही माघार घेतली. नोव्हेंबरात आम्ही तिघांनीही बायडन यांना मत दिले, आणि तेही मनापासून.

पुढे २०२४ साली प्रायमऱ्या आटोपल्यावर, २१ जुलैला, बायडन यांनीच माघार घेतली. उमेदवारी मिळाली कमला हॅरिस यांना; पण ती दिली पक्षाच्या प्रतिनिधींनी. त्यांची आई मद्रासकडची, त्यामुळे आमच्या घरी कौतुक झालेच. सौभाग्यवतींनाही आनंद झाला. पण बातम्या संपल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “चांगली आहे हो मुलगी. मी हीच निवडली असती कदाचित. पण या खेपेस आपल्याला कुणी विचारलंच नाही.”