तीन पाने, एक पान

शेतीचे उच्च शिक्षण घेण्यासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याला ‘कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच’ असे ऐकवले जाते, तेव्हा ऐकवणाऱ्याला धीर द्यायचा असतो की खिजवायचे असते, हे म्हणीवरून उमगत नाही. सगळीकडची परिस्थिती सारखीच, हा तिचा रूढ अर्थ; परंतु ज्या विद्येसाठी हा प्रवास घडतो, तिच्या पहिल्याच पाठात ही म्हण अडखळते. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने पळसाला एका देठावर तीन पाने नसून एकच पान असते आणि त्या पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे सुटे सुटे भाग, असतात. पान कोणते आणि पर्णिका कोणती हे ओळखण्याची खूण साधी आहे: पानाचा देठ फांदीला जेथे मिळतो त्या बेचक्यात एक कळी असते, पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. म्हण रचणाऱ्याने ही कळी पाहिली नाही असे म्हणावे, तर पत्रावळ लावणाऱ्याला त्या कळीशी कर्तव्यच नव्हते. त्याच्या हातात तीन तुकडे येत आणि तेच तो काडीने टाचत असे. त्यामुळे म्हण चुकली की मोजणीचे कारण बदलले, हा प्रश्न तसाच राहतो.

मोजणी कोणाचीही बरोबर मानली, तरी जेथे पळसच नाही तेथे पाने मोजायची कशाची, ही अडचण उरतेच. अमेरिकेच्या वायव्येला, वॉशिंग्टन राज्यात, पुलमन हे कृषिशिक्षणाचे जुने केंद्र ज्या टेकड्यांच्या प्रदेशात आहे, त्याचे नाव योगायोगाने सांगली जिल्ह्यातील पलूससारखेच उच्चारले जाते. साम्य तेथेच संपते. तेथील जमीन लोएसची, म्हणजे वाऱ्याने आणून साठवलेल्या बारीक मातीची. पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो, आणि विदर्भात पेरणीसाठी आभाळाकडे डोळे लागलेले असतात त्या जूनमध्ये तेथे आदल्या शरदात पेरलेला गहू ओंबीवर असतो. तेथील वर्गात मातीचा पोत हाताने ओळखायला शिकवतात: ओला गोळा अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबत पुढे सरकवायचा आणि निघणारी पट्टी पाच सेंटीमीटरच्या पुढे न तुटता गेली, तर त्या मातीत चिकणकण भरपूर आहेत असे धरायचे. काळ्या रानात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे कसब नवे वाटण्याचे कारण नाही. मात्र ‘वापसा’ या शब्दाला तेथील पुस्तकात नेमका जोड सापडत नाही. पावसानंतर जमीन चिकटही राहत नाही आणि कडकही होत नाही, पाभर विनासायास चालते, ती अवस्था म्हणजे वापसा. ‘फील्ड कपॅसिटी’ ही संज्ञा त्याच्या जवळची वाटते, पण ते जादा पाणी निथळल्यानंतर मातीत उरलेल्या ओलाव्याचे माप आहे, आणि भारी जमिनीत ते माप पूर्ण भरलेले असतानाही पाभरीच्या फणांना चिखल लागतो.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे क्रांतिकारक याच पुलमनला शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळ आणि महायुद्धाच्या काळातील इराणची भटकंती यांनंतर ते १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. त्यांचे मोठे काम मक्यावरचे. मेक्सिकोच्या पारंपरिक शेतात मक्याच्या ताटाचा आधार घेत घेवडा चढतो, आणि घेवडा पळसाच्याच शेंगवर्गीय कुळातला, आणि त्याच्याही पानाला पर्णिका तीनच. म्हण तेथे शब्दशः खरी ठरते, पण भलत्याच झाडावर. स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले.

त्यांचा पुलमन, मेक्सिको, भारत हा मार्ग पुढे गव्हानेही धरला. ‘नोरिन १०’ हे बुटके जपानी वाण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आले. त्याच्या वंशात अमेरिकी गहू आधीच मिसळलेला होता. पुलमनला ऑरव्हिल व्होगेल यांनी त्याचे संकर केले, त्यांचे बियाणे मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले आणि १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून सुमारे १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले. बोरलॉग वर्षातून दोनदा, उत्तरेकडील सोनोराच्या सखल भागात आणि मध्य मेक्सिकोच्या उंच पठारावर, गहू पेरीत. त्यातून दिवस लहान की मोठा याची पर्वा न करणारी, शास्त्राच्या भाषेत दिनमानाला असंवेदनशील अशी, वाणे निवडली गेली. ठिकाणाची ही जाणीव गळून पडली, म्हणूनच तो गहू इतक्या देशांत पिकू शकला.

परदेशी शिकणाऱ्याकडूनही हीच अपेक्षा असते काय, आणि वापशाची जाणीव ही त्याच्या बाबतीत गळावी अशी गोष्ट आहे काय, हे गव्हाच्या उदाहरणावरून ठरवता येईलसे वाटते. पण उदाहरण शेवटपर्यंत साथ देत नाही. मेक्सिकोचा तांबडा दाणा इकडच्या पोळीला पसंत पडला नाही, आणि मेक्सिकोतून आलेल्या संकरांतून भारतीय संशोधकांनी निवड करून ‘कल्याण सोना’ आणि ‘सोनालिका’ ही वाणे काढली. म्हणजे जाणीव गमावलेल्या बियाण्यालाही येथे नव्याने रुजावे लागले. शिवाय घेवड्याचे बी उगवते तेव्हा बीजदलांच्या वर येणारी पहिली जोडी साध्या, अखंड पानांची असते. तीन पर्णिकांचे पान नंतर फुटते. तेव्हा तीनचा हिशेब रोपाच्या कोणत्या वयापासून धरायचा, याविषयी म्हण काही सांगत नाही, आणि निघालेला विद्यार्थी त्या वेळी कोणत्या पानावर असतो हेही कोणी विचारत नाही.