घोड्याची वाट

विलायतेस जाऊन आलेल्या गृहस्थानें तेथील राजवाडे, वस्तुसंग्रहालयें आणि टेम्स नदीवरील पूल यांचें वर्णन करावें, अशी जुनी रूढि आहे. आम्हींही गतवर्षीं कन्येकडे लंडनला दोन महिने राहून तीं सर्व स्थळें पाहिलीं. परंतु त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आज आम्ही सांगणार आहों तें एका चार-सहा हात रुंदीच्या वाटेविषयीं. तिच्या एका बाजूस भिंत, दुसऱ्या बाजूस पाणी, आणि मध्यें कठडा म्हणून नाहीं.

आमची धाकटी कन्या व्हिक्टोरिया पार्क नांवाच्या मोठ्या उद्यानाजवळ राहते आणि तिची कचेरी किंग्ज क्रॉस स्थानकापाशीं आहे. हें सुमारें सहा किलोमीटरांचें अंतर ती सायकलीनें, रीजंट्स कालव्याच्या कांठानें जाते. ही गोष्ट प्रथम कानीं पडली तेव्हां सौ.ची झोंपच उडाली. घरांत वृद्ध मातोश्री असल्यामुळें तिला आमच्याबरोबर येतां आलें नाहीं, पण निघतांना तिनें बजावलें, "बाकी कांहीं पाहिलें नाहीं तरी चालेल, मुलीचें तें पाण्याकांठचें जाणें तेवढें बंद करून या." आम्हींही तें वचन देऊन प्रस्थान केलें.

कालवा म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ऊंस आणि पाटाचें पाणी येतें. खडकवासल्याहून निघून पुणें शहरांतून पुढें जाणारा मुठा कालवा शेतीसाठीं आणि पिण्याच्या पाण्यासाठीं आहे. त्याच्या कांठची वाट देखरेख करणारांसाठीं ठेवलेली. रीजंट्स कालव्याची गोष्ट निराळी. तो मालाची नेआण करण्यासाठीं खणला गेला आणि इ. स. 1820 मध्यें सबंध खुला झाला. पश्चिमेस पॅडिंग्टनपासून पूर्वेस टेम्सकांठच्या लाइमहाउसपर्यंत त्याची लांबी सुमारें चौदा किलोमीटर आहे. वाटेंत जमिनीचा उतार लागतो, तेथें पाण्याचे जिने केलेले आहेत: पुढेंमागें दरवाजे असलेल्या हौदांत नाव घ्यावयाची, पाणी सोडून तिला खालीं उतरवावयाची किंवा भरून वर चढवावयाची. नाव ओढण्यास कांठावरून घोडा चाले. रस्त्यावर जें ओझें हलवावयास घोड्यांचे तांडे लागत, तें तीसएक टनांचें ओझें पाण्यावर एकटा घोडा दोरानें ओढून नेई. आमची कन्या ज्या वाटेनें कामास जाते, ती ही घोड्याची वाट.

घोडे गेले, तरी त्यांच्या खुणा आहेत. पुलांच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या बसविलेल्या आहेत आणि वर्षानुवर्षें ओला दोर घासून त्यांत बोट बसेल इतक्या खोल खांचा पडल्या आहेत. कांहीं ठिकाणीं कांठाला पाण्याखालून वर येणारा उतार आहे. आगगाडीला बुजून घोडा पाण्यांत पडला तर त्यास वर चढतां यावें म्हणून केलेला. एका रविवारीं मुलीनें आम्हांस रीजंट्स पार्कजवळचा मॅकल्सफील्ड पूल दाखविला. 2 ऑक्टोबर 1874 रोजीं पहाटे दारूगोळ्याची पिंपें नेणाऱ्या नावेचा त्याखालीं स्फोट होऊन पूल कोसळला आणि नावेवरील तिघे दगावले. पूल पुन्हा उभारतांना तेच लोखंडी खांब वापरले, मात्र फिरवून बसविले. त्यामुळें जुन्या खांचा एका अंगास आणि नंतर पडलेल्या दुसऱ्या अंगास, अशा दोन्हीं बाजूंस दिसतात.

या कालव्यावरील घोड्यांचें काम 1956 मध्यें संपलें. पुढें 1979 मध्यें या वाटेच्या कांहीं भागाखालून विजेच्या मोठ्या तारा नेल्या; त्या तापूं नयेत म्हणून कालव्याचेंच पाणी त्यांच्याजवळून खेळविलें आहे. वर मात्र पायीं चालणारे आणि सायकलस्वार. 2012 पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था व्यवस्था पाहते आणि तिचा नियम स्पष्ट आहे कीं, या वाटेवर पहिला हक्क पायीं चालणाराचा. सायकलस्वारानें वेग आवरावा, पुलाखालीं हळू जावें आणि घंटा वाजवावयाची ती हटविण्यासाठीं नव्हे, तर आपण येत आहों हें कळविण्यासाठीं.

हा नियम मुलीनें आम्हांस आदल्या रात्रींच सांगितला होता. धोका प्रत्यक्ष पाहावा म्हणून आम्हीं जांवयांची सायकल मागून घेतली आणि सकाळीं साडेसातास तिच्यामागून निघालों. आमच्या पायांना सायकल नवी नाहीं. हवा थंड, पाणी स्तब्ध, कांठाला बांधलेल्या नावांतून लोकांचीं बिऱ्हाडें. एका नावेच्या टपावर तुळशीसारख्या कसल्याशा रोपांच्या कुंड्या. मन प्रसन्न झालें आणि आम्ही वेगांत आलों. पुढें एक ठेंगणा पूल होता. त्याखालीं वाट इतकी अरुंद कीं समोरचा माणूस अगदीं जवळ आल्यावर दिसतो. आम्हीं पुण्याच्या संवयीनें घंटा सारखी वाजवीत आंत शिरलों. समोरून एक वृद्ध गृहस्थ काठी टेकीत येत होते. ते घाईघाईनें भिंतीस चिकटले, त्यांच्या हातची काठी सुटली आणि कालव्यांत गेली.

कन्या सायकल टाकून मागें धांवली. तिनें वांकून काठी बाहेर काढली, आपल्या रुमालानें पुसली आणि आमच्या वतीनें क्षमा मागितली. आम्ही खालीं उतरून उभे होतों; तोंडांतून शब्द निघेना. ते गृहस्थ रागावले नाहींत. "तुम्हांला घाई असेल," एवढेंच म्हणून ते निघून गेले.

आम्हांस कसलीच घाई नव्हती. परंतु एके काळीं होती, आणि तो दिवस आम्हांस त्या पुलाखालीं आठवला. पर्वतीच्या पायथ्यापासून हडपसरच्या बाजूच्या शाळेपर्यंत आम्ही वर्षानुवर्षें सायकलीनें गेलों. जेथवर वाट होती तेथवर मुठा कालव्याच्या कांठानें. शाळेंत आम्ही कधीं उशिरा पोहोंचलों नाहीं, याचा आम्हांस मोठा अभिमान होता. 1987 सालच्या पावसाळ्यांत अशाच एका सकाळीं धुतलेल्या कपड्यांचें गाठोडें डोक्यावर घेतलेली एक बाई पुढें चालली होती. आम्हीं घंटा वाजविली. ती दचकून बाजूस झाली, तिचा पाय निसरला आणि सारें गाठोडें चिखलांत पडलें. आम्हीं मागें वळून पाहिलें, नंतर मनगटावरील घड्याळाकडे पाहिलें आणि पुढें गेलों. शाळेची घंटा होण्यापूर्वी पोहोंचलों. त्या दिवशीं उशिरा आलेल्या दोन मुलांना आम्हीं वर्गाबाहेर उभेंही केलें.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत कोणास वाट द्यावी याची एक यादी आहे. तींत प्रथम येतो तो चाकांच्या वाहनांत बसलेला. शिक्षकांच्या खोलींत आम्ही हा आधार विनोदानें पुढें करीत असूं कीं, सायकलला दोन चाकें आहेत, तेव्हां वाट आमची! पण त्याच यादींत वृद्ध आहे, रोगी आहे, ओझें वाहणारा आहे आणि स्त्रीही आहे. त्या बाईचा हक्क दुहेरी होता. जन्मभर शिकविलेल्या संस्कृतांतील सोयीचा तेवढा एक शब्द आम्हीं आपल्यापुरता उचलला होता.

पुढें इझ्लिंग्टनचा बोगदा येतो. तो 878 मीटर लांब असून त्यांत वाटच नाहीं. पूर्वीं घोड्यास सोडवून टेकडीवरून पलीकडे नेत आणि नावाडी उताणे निजून बोगद्याच्या भिंतींना पाय लावून नाव रेटीत. 1826 पासून हें काम वाफेच्या नावेकडे गेलें. सायकलस्वारासही आज घोड्याप्रमाणेंच वर चढून वस्तींतून पलीकडे जावें लागतें. तो चढ आम्ही दोघें पायींच चढलों.

आम्हीं मुलीस कपड्यांच्या गाठोड्याची हकीकत सांगितली. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "अण्णा, म्हणूनच मी पंधरा मिनिटें आधीं निघतें. उशीर झाला असेल त्या दिवशीं कालव्यानें येतच नाहीं, भुयारी गाडीनें जातें."

"आणि हिवाळ्यांत?"

"डिसेंबरांत चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. तेव्हां संध्याकाळीं दिव्यांच्या रस्त्यानें परत येतें. आईला हें सांगा."

तिला समजावून सांगण्यासाठीं योजून ठेवलेलीं वाक्यें आमच्यापाशीं तशींच राहिलीं. किंग्ज क्रॉसला ती कचेरींत गेली आणि आम्ही एकटे त्याच वाटेनें परतलों. तो ठेंगणा पूल आला तेव्हां आम्हीं उतरून सायकल हातीं धरून पलीकडे नेली.

घरीं आल्यावर सौ.नें पहिला प्रश्न वचनाचा केला. आम्हीं मुलीचा निरोप आणि काठीची हकीकत सांगितली. 1987 चीही सांगितली. ती ऐकून घेऊन सौ. म्हणाली, "मग पोरीचें ठीक आहे. तुमचें तेवढें पाहा."

तेव्हांपासून आम्ही भाजीस निघतांना घरून थोडें लौकर निघतों. अरुंद ठिकाणीं समोरून ओझें घेतलेलें कोणी दिसलें कीं उतरून उभे राहतों. लोक पाहतात, म्हाताऱ्यास दम लागला असेल असें त्यांना वाटतें. आम्ही कांहीं सांगत नाहीं.