होडीला भोक पाडण्याआधी

हातखंब्याला समुद्र नाही, महामार्ग आहे. पण गोव्याकडचं किंवा मुंबईकडचं सामान रत्नागिरीला जाताना तिठ्यावर वळतं, तसा मित्राच्या जुन्या शिडाच्या होडीसाठी मागवलेला इको साउंडर, म्हणजे आवाजाने पाण्याची खोली मोजणारं यंत्रही वळलं. बंदरावर पोचायच्या आत खोका इथेच उघडला.

*

गणित साधं आहे. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. खाली १५ मीटर पाणी असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. त्यातली सिरॅमिकची चकती विजेने थरथरते, परतलेल्या आवाजाने तिच्यातच वीज उमटते. दाबाने वीज उमटण्याचा हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला.

*

सगळं बिघडवते ती हवा: बुडबुडा, तळात अडकलेली पोकळी, फोमचा थर. म्हणून आधी होडीचा तळ कशाचा आहे ते ओळखायचं. भरीव फायबर असेल तर ट्रान्सड्यूसर आतूनच चिकटवता येतो, भोक लागत नाही. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर भागत नाही. उदाहरणार्थ, दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. तिच्या तळात सीडरच्या पट्ट्या, वर फायबरग्लास. बाहेरून कळणार कसं? जुन्या होडीचे कागद बहुधा हरवलेले असतात. तळातली एखादी जुनी फिटिंग काढा आणि भोकाची कड बघा, तिथे सगळे थर दिसतात.

*

चिकटवण्याआधी होडी पाण्यात असताना ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पिशवीत घालून आतून तळावर दाबून बघावा. आकडा दोरीशी ताडायचा. टोकाला शिसं बांधलेली दोरी, दर वावाला गाठ, वाव साधारण ६ फुटांचा. शिशाच्या बुडाला चरबी लावली की खाली वाळू आहे की चिखल, तेही वर येतं. साधा आकडा दाखवणाऱ्या यंत्राला हे जमत नाही. दोरी फेकून देऊ नये, असं माझं ठाम मत.

*

लाकडी होडीला भोक पाडावंच लागतं. फिटिंग कांस्याची घ्या. लाकूड पाणी पिऊन फुगलं की प्लास्टिकची तडकते. जागा पंख्याच्या फेसापासून लांब, मध्याच्या जरा पुढे, पठाणाच्या, म्हणजे होडीच्या तळकण्याच्या, आड न येणारी. तळ तिरपा असेल तर ठोकळा तासून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली करायचं. केबल कापायची नाही, उरलेली गुंडाळून ठेवायची.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, कारागीर मोकळे. तरी हे काम मेमध्येच उरकावं. भिजल्या लाकडावर सीलंट धरत नाही.

*

यंत्र खोली मोजतं ती ट्रान्सड्यूसरपासून. पठाण त्याच्या १ मीटर खाली असेल तर पडद्यावरच्या ३ चा अर्थ पठाणाखाली २. बहुतेक यंत्रांत ही वजाबाकी भरता येते. भरली आहे की नाही, हे पडद्याशेजारच्या फळीवर रंगाने लिहून ठेवा. उद्या सुकाणू दुसऱ्याच्या हातात असेल.